साखरेचा काडीमोड

दिवाळीच्या आधी ज्या स्वयंपाकघरात बुंदीचे लाडू वळले जातात, तिथे एक लहानसा विधी न चुकता पार पडतो. पाक होत आला, की घरातली जाणती बाई अर्धे लिंबू घेते आणि त्याचे चार थेंब पातेल्यात पिळते. का म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले असते: ‘म्हणजे पाक साखरत नाही.’ उत्तर अगदी बरोबर आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. लिंबाच्या चार थेंबांनी साखरेचे असे काय होते, की ती पुन्हा खडा धरीत नाही?

होते ते असे. साखरेचा प्रत्येक रेणू म्हणजे एक जोडपे आहे. एक द्राक्षशर्करा आणि दुसरी फलशर्करा. हल्लीची मुले त्यांना ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या नावांनी ओळखतात. लिंबाचे आम्ल आणि चुलीची आच यांनी मिळून काही जोडप्यांचा काडीमोड होतो. सुटी झालेली दोघेही गोडच असतात, फलशर्करा तर साखरेहूनही अधिक गोड; पण ती सहजासहजी खडा धरीत नाहीत, आणि उरलेल्या साखरेलाही एकत्र जमू देत नाहीत. मधाचेही रहस्य तेच. फुलातला रस पोळ्यात आणताना मधमाशी आपल्या ग्रंथींतला एक पदार्थ त्यात मिसळते आणि साखरेची जोडी फोडून ठेवते.

झाडापाशी लिंबू नाही आणि चूल नाही. तरीही हे जोडपे फोडण्याची कला त्याला साधलेली आहे, आणि आपल्यापेक्षा फार चांगली साधलेली आहे. त्यासाठी त्याच्यापाशी एक विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. स्वतः न संपता दुसऱ्याचे रूपांतर घडवून आणणारा पदार्थ. साखर फोडणाऱ्या या विकराचे नाव इन्व्हर्टेज. आमच्या अहमदनगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे शंभर वर्षांचे बरेवाईट ज्या साखरेवर उभे आहे, ती साखर या इन्व्हर्टेजच्या तावडीतून वाचलेली साखर होय. आणि हे इन्व्हर्टेज कोणाच्या हुकुमाने चालते, याचा उलगडा शास्त्रज्ञांना उसाच्या कांड्यांप्रमाणेच झाडांच्या अंगावर उठणाऱ्या गाठींतूनही होत गेला. ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

आरंभ फ्रान्सपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील बियो नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की विशिष्ट तऱ्हेने गाळून घेतलेला प्रकाश साखरेच्या पाण्यातून सोडला तर त्याची पातळी उजवीकडे वळते. हेच पाणी आम्लाबरोबर तापवले, तर प्रकाश उलटा, डावीकडे वळू लागतो. साखरेची जोडी फुटल्याची ती खूण होती. प्रकाश उलटला म्हणून या क्रियेला ‘उलटवणे’ या अर्थाचे नाव पडले, आणि इन्व्हर्टेज हे नावही त्याच धातूपासून आले. 1860 मध्ये बर्थलो याने यीस्टमधून हा पदार्थ वेगळा काढून दाखविला. पुढे 1897 मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनरने यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला, तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आणि जिवंत पेशी एकही नसताना ती साखर आंबून फसफसू लागली! जीवनक्रिया म्हणजे काही गूढ प्राणशक्ती नव्हे, तर हाती धरता येतील अशा पदार्थांचे ते काम आहे, हे त्या फेसाने जगाला सांगितले. 1913 मध्ये बर्लिनला मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेली डॉक्टर माउड मेंटेन यांनी विकरांच्या वेगाचे जे गणित मांडले, तेही या इन्व्हर्टेजवरच. आज जगातला प्रत्येक जीवरसायनाचा विद्यार्थी ते गणित शिकतो.

युरोपात हे चालले असता आपल्याकडे कोणी प्रकाश गाळीत बसले नव्हते. पण गुऱ्हाळावरचा गुळव्या हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवीत होता. ऊस तोडून दोन दिवस पडू दिला तर त्याचा गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ पडते, पावसाळ्यात पाघळते, हे त्याला पक्के ठाऊक होते. काहिलीत रस उकळू लागला, की तो चुन्याची निवळी घालीत असे. चुन्याने रसातले आम्ल मारले जाते. म्हणजे स्वयंपाकघरातली गृहिणी लिंबू पिळून जे घडवून आणते, तेच टाळण्यासाठी गुळव्या चुना घालतो. एकीला जोडी फुटायला हवी, दुसऱ्याला ती अभंग राहायला हवी. आणि रसायनशास्त्राचे नावही न काढता दोघांचे काम बिनचूक होते.

नगर जिल्हा तसा दुष्काळाचा. पण गेल्या शतकाच्या पहिल्या पाव भागात गोदावरीचे कालवे निघाले, आणि 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरेचे पाटही भरून वाहू लागले. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या बाजूच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. सासवडकडचे माळी बागाईतदार या पाटांच्या काठी येऊन स्थिरावले. हरेगावला बेलापूर कंपनीचे धुराडे उभे राहिले. 1932 मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण दिल्यावर धुराडी वाढली. त्यांच्याबरोबर आमच्या भाषेत एक नवा शब्द रुजला: उतारा. शंभर किलो उसातून किती किलो साखर पोत्यात पडली, तो उतारा. गुळव्या गूळ बसला की नाही एवढेच पाही. कारखान्याचा केमिस्ट मात्र काचेच्या नळीत रस भरून, बियोच्याच त्या वळणाऱ्या प्रकाशाने, जोडपी किती शाबूत आहेत ते मोजू लागला.

मग 1950 साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगिळांनी अध्यक्षपद सांभाळले, वैकुंठभाई मेहतांचे साहाय्य लाभले. हा इतिहास जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. परंतु त्यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. कारखाना शेतकऱ्याचा झाला, तेव्हा उताराही शेतकऱ्याचा झाला. पूर्वी ऊस विकून तो मोकळा होत असे. आता कांडीतली साखर फुटली, तर तोटा त्याच्या स्वतःच्या घरचा झाला.

आता एक साधा प्रश्न येतो. इन्व्हर्टेजने इतके नुकसान होते, तर उसाने ते मुळात बाळगावेच का?

याचे उत्तर उसाच्या शेंड्यात आहे. ऊस तोडताना मजूर कोयत्याच्या एका घावाने शेंडा उडवतो. ते वाढे जनावरांपुढे जाते, कारखान्यात नाही. कारण शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत साखर थोडी आणि फुटलेली शर्करा फार. ऊस जिथे वाढत असतो तिथे त्याला खर्चाला सुटे पैसे लागतात. पानात तयार झालेली साखर ही बंद्या रुपयासारखी. ती सगळ्या झाडात फिरते, पण नवी पेशी बांधायची, तिला तट्ट फुगवायचे, तर रुपया मोडावा लागतो. तो मोडणारा सराफ म्हणजे इन्व्हर्टेज. खालच्या जुन्या कांड्यांची वाढ थांबलेली असते, तिथे या सराफाचे दुकान बंद होत आलेले असते, म्हणून तिथे रुपये साठतात. आपण ज्याला साखर म्हणतो, ती उसाची न मोडलेली शिल्लक.

या सराफाने दुकान केव्हा उघडावे आणि केव्हा बंद करावे, हे सांगते कोण?

इथे दुसरा इतिहास येऊन मिळतो. चार्ल्स डार्विनने म्हातारपणी आपल्या मुलाच्या मदतीने गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले आणि 1880 मध्ये लिहिले, की कोंबाच्या टोकाला उजेड कळतो आणि तिथून काहीतरी निरोप खाली जातो. तो निरोप म्हणजे एक पदार्थ आहे, हे हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंटने 1920 नंतरच्या दशकात दाखविले. त्याला ऑक्सिन हे नाव मिळाले. जपानमध्ये भाताची रोपे ताडमाड वाढून कोलमडत. त्या रोगाच्या बुरशीतून जिब्रेलिन सापडले. 1955 मध्ये अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांच्या प्रयोगशाळेत पेशींना विभागायला लावणारा पदार्थ हाती आला. त्या कुळाला सायटोकायनिन म्हणतात. ही सारी झाडाची संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स. अतिशय अल्प प्रमाणात असतात, पण सगळ्या घराला कामाला लावतात. एकत्र कुटुंबातल्या आजीसारखी.

1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन येथे, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, सॅकर, हॅच आणि ग्लाझियू या तिघांनी उसाच्या कोवळ्या कांड्यांच्या पातळ चकत्या कापल्या आणि त्यांना निरनिराळे पदार्थ देऊन पाहिले. ऑक्सिन दिले तर चकत्यांतले इन्व्हर्टेज वाढले. उलट फुटलेली शर्करा भरपूर दिली, तर ते घटले. म्हणजे वाढीचा हुकूम आला की सराफ दुकान उघडतो, आणि गल्ल्यात सुटे पैसे फार साचले की आपण होऊन फळी लावतो. ऑक्सिन हा लगाम सैल करणारा हात, आणि शर्करा स्वतःच लगाम खेचणारी. यांतलाच हॅच तीन वर्षांनी स्लॅकबरोबर उसाच्या पानाची उजेड वापरण्याची आगळी रीत उलगडून जगप्रसिद्ध झाला. पण आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचे हे आधीचे कामही मोलाचे आहे.

लगाम आहे तोवर ठीक. तो तुटला तर काय होते, हे पाहायचे असेल तर झाडाच्या गाठीकडे जावे लागते.

झाडांना गाठी येतात हे आपल्याला नवे नाही. तान्ह्या बाळाच्या गुटीत आजी जे मायफळ उगाळते, ते फळ नव्हेच. परदेशी ओक वृक्षावर एका बारीक माशीने अंडे घातल्यामुळे उठलेली ती गाठ आहे. जुन्या दौतीतली काळी शाईही याच मायफळात हिराकस घालून होई. खोकल्यावरची काकडशिंगी हीदेखील हिमालयातल्या एका झाडावर माव्यासारख्या किड्याने उठवलेली गाठ. या गाठींची वाढ बेताची असते. किडा गेला की ती थांबते.

याहून भयंकर एक गाठ गुलाब, द्राक्षवेल, बदाम अशा झाडांच्या खोडाला जमिनीलगत येते. तिला क्राऊन गॉल म्हणतात. 1907 मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी डेझीच्या झाडावरच्या अशा गाठीतून एक जिवाणू शोधून काढला. 1940 नंतरच्या दशकात आर्मिन ब्रॉनने तर नवलच केले. आपल्या दारात फुलणाऱ्या सदाफुलीच्या झाडांना त्याने हा रोग लावला, नंतर उष्णतेने जिवाणू मारून टाकले. तरी गाठ वाढतच राहिली! चोर गेला, पण जाताना घरातल्यांना चोरी शिकवून गेला. निरोगी पेशींना बाटलीत वाढवायचे तर बाहेरून संप्रेरके द्यावी लागतात. गाठीच्या पेशींना ती लागत नाहीत. असे का, हे 1977 मध्ये सिॲटलला मेरी-डेल चिल्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखविलेल्या पुराव्यावरून उलगडू लागले. जिवाणू आपल्या वंशसूत्राचा एक तुकडा झाडाच्या पेशीत कायमचा चिकटवून जातो. त्या तुकड्यात ऑक्सिन आणि सायटोकायनिन बनवण्याच्या आज्ञा लिहिलेल्या असतात, हेही पुढच्या काही वर्षांत सिद्ध झाले. गाठीच्या घरी हुकूम देणारी आजी कधी झोपतच नाही.

मग सराफाचे काय होत असेल, ते वाचकांनी ओळखलेच असेल. 1990 मध्ये तंबाखूच्या गाठीतल्या पेशींवर काम झाले. त्यांच्या भिंतीतले इन्व्हर्टेज ऑक्सिनच्या तंत्राने कसे चालते ते तपासले गेले. 1997 मध्ये जर्मनीत, आपल्या चाकवताच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या पेशींना सायटोकायनिन देताच पेशीबाहेरचे इन्व्हर्टेज आणि सुटी शर्करा आत ओढून घेणारे वाहक, दोन्ही बरोबरीने वाढल्याचे आढळले. जणू सराफाचे दुकान आणि तिजोरीचे दार एकाच किल्लीने उघडते. पानफुटीच्या भावकीतल्या एका झाडावर गाठ उठवून पाहिली, तर अन्नरसाचा ओघच फिरला आणि गाठीकडे वाहू लागला. एरंडावरच्या गाठींतही साखर फोडणारी विकरे कुठे कुठे कामाला लागतात, याचा नकाशा 2003 मध्ये प्रसिद्ध झाला.

ओघ का फिरतो, हे पाटपाण्याच्या मुलखात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. झाडातला अन्नरस उपसा जिथे अधिक, तिकडे वाहतो. गाठ आपल्या दारी आलेली साखर तत्काळ फोडून आत घेते, म्हणून दाराशी सदा टंचाई, म्हणून आणखी साखर तिकडेच धावते. चारीवरच्या एकाने रात्री पाट फोडून पाणी आपल्या रानात वळवले, की टेलच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. गाठ ही अशी फोडलेली चारी आहे. तिच्यात विष नसते. तिचे हत्यार झाडाचेच, रोजचे, उपयोगाचे हत्यार असते. फक्त त्याच्यावर पाटकरी उरलेला नसतो.

ऊस हा गवताच्या कुळातला. क्राऊन गॉलच्या वाटेला तो सहसा जात नाही. तरीपण गाठीने जे मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले, तेच उसात बारीक अक्षरांत लिहिलेले आहे. वाढ चालू तोवर शिल्लक नाही. डिसेंबर-जानेवारीची थंडी पडते, पाण्याच्या पाळ्या लांबतात, शेंड्याची धाव मंदावते, तेव्हा इन्व्हर्टेजचा जोर ओसरतो आणि उतारा चढतो. उशिरा युरिया टाकला, तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी दिले, तर ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साठवलेले मोडू लागतो. तुरा आलेला ऊस फार दिवस उभा राहिला, की दशी पडते आणि गोडी उतरते. हे सारे अनुभवी बागाईतदार पूर्वीपासून सांगत आला आहे. आता त्यामागचा हुकूमनामाही वाचता येतो.

आणि तो वाचता येतो म्हणूनच काळजी वाढली आहे. आज जिब्रेलिनची पुडी तालुक्याच्या दुकानात मिळते. नाशिकचा द्राक्षबागाईतदार त्याच्या पाण्यात घड बुडवतो, आणि त्याचे ते शहाणपणच असते, कारण द्राक्षाची गोडी मुळी फुटलेल्या जोडप्यांचीच. तिथे सराफ हा घरचा माणूस आहे. उसावरही कोवळ्या वयात संप्रेरकांची फवारणी आता रूढ झाली आहे. कांडी लांबते, वजन वाढते. पण उसात वजन आणि साखर ही दोन वेगळी पिके आहेत. आमच्याकडे पुंड्या जाऊन 419 आला, पाडेगावच्या संशोधन केंद्रातून 740 आला, आता 86032 आणि 265 आहेत. या प्रत्येक आकड्याभोवती एकच वाद झडत राहिला: शेतकऱ्याला टन हवेत आणि कारखान्याला उतारा. 265 उसाला वजन उत्तम, परंतु पिकायला तो वेळ घेतो, म्हणून त्याच्या नोंदी घेताना कुरबुर झाली, ती याच कारणाने. सरकारने बांधून दिलेला दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी जोडलेला असतो. त्यामुळे ज्याने ऊस वेळेवर पिकवून आणला आणि ज्याने हिरवा आणला, दोघांच्या टनाला एकच भाव पडतो. एकाची चारी, दुसऱ्याचे टेल.

सर्वांत अधिक साखर हरवते ती मात्र तोड आणि गव्हाण यांच्या मधल्या तासांत. ऊस तोडला म्हणून त्यातली विकरे मरत नाहीत. ती काम करीत राहतात, भरीला बाहेरचे जिवाणू घाव घातलेल्या टोकातून शिरतात, आणि चैत्राच्या उन्हात तर हा काडीमोड भराभर होतो. म्हणून ऊस तोडल्यापासून एका दिवसाच्या आत गाळावा, असे शास्त्र सांगते. ते साधते कोणाच्या जिवावर? पाथर्डीकडून, बीडकडून आलेल्या त्या नवराबायकोच्या जोडीच्या जिवावर, जिला आमच्याकडे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. ती दोघे अंधारात उठून फडात शिरतात, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधतात, रात्री गाडी भरून देतात, आणि त्यांची मजुरी टनावर ठरते. उसातली जोडी फुटू नये म्हणून ही जोडी पोराबाळांसह दर साल सहा-सहा महिने घर सोडून पालावर राहते. गाडी कारखान्याच्या आवारात रांगेत रात्रभर अडकली, तर बैलांबरोबर ती दोघेही तिथेच थांबतात. त्या थांबण्याचे त्यांना काही मिळत नाही, आणि उसातली साखर तेवढी फुटून जाते.

दिवाळी सरते न सरते तोच जिल्ह्यातली धुराडी पेटतात. हुकूम कोण देतो, सराफ केव्हा दुकान उघडतो, गाठ कशी फुगते, हे शास्त्राने दीडशे वर्षे खपून सांगितले आहे. तोडीचा तास आणि गाळपाचा तास जवळ आणणे हे शास्त्राचे काम नाही. ते कारखान्याच्या सभेचे, शेतकी खात्याचे आणि आपल्या सर्वांचे आहे. लाडवाच्या पाकात लिंबू केव्हा पिळायचे हे जिला अचूक कळते, तिच्या घरचीच माणसे त्या सभेला बसतात.